वेळ असल्यास पाहावी

११ मार्च, मंगळवार (कॅलेंडर बघून लिहितो आहे)

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. गुडघे तुझं ऐकतात ना?

प्रथम एक गंभीर तक्रार. तुझ्या लेकीने माझ्या फोनमध्ये पायी हिंडणाऱ्यांसाठी जे अ‍ॅप घालून दिलं, त्यातली बाई ‘आपण उजवीकडे वळ’ म्हणते. आधी ‘आपण’ आणि लगेच एकेरी! खुर्ची देऊन कान धरल्यासारखं झालं. काल मी भर रस्त्यात तिला सुधारलं, ‘वळा! वळा म्हण!’ समोरून येणाऱ्या एक बाई खरोखरच वळल्या.

तू म्हणशील, तीस वर्षं त्याच शहरात मुलांना संस्कृत शिकवणाऱ्याला हे सोंग कशाला? पुस्तकवाल्यानेही विचारलं. शहर पायी बघायची मार्गदर्शक पुस्तकं मागितली, तर म्हणाला, ‘सर, पाहुणे येणार आहेत का?’

‘माणसाने स्वतःच्या गावातही पाहुणा व्हावं,’ मी श्लोकाच्या चालीत म्हणालो.

‘कुठल्या ग्रंथातलं?’

‘अप्रकाशित आहे.’

तीन पुस्तकं मिळाली. एकात माझी गल्लीसुद्धा आहे. अर्धं वाक्य: ‘वेळ असल्यास पाहावी.’ एकट्याचं तीस वर्षांचं बिऱ्हाड तीन शब्दांत आटोपलं. नकाशावर त्या गल्लीभोवती मी लाल पेनाने गोल काढून ठेवला आहे.

अ‍ॅपचं विभक्तींचं व्याकरण मात्र चोख. ‘कुठून’ ते त्याचं त्याला कळतं. ‘कुठे’ तेवढं आपण सांगायचं. पंचमी त्याची, द्वितीया आपली. रोज मी एकच शब्द घालतो. घर.

जानेवारीत दूध घेऊन परतताना औषधांच्या दुकानापाशी थांबलो. डावीकडे की उजवीकडे? दुकान ओळखीचं, दुकानदार ओळखीचा, रस्ता मात्र कोरा.

‘सर, कुणाची वाट बघताय?’

‘वाटेचीच,’ मी म्हणालो. तो हसला. मीही हसलो, कोटी बरी होती.

दूध हातात कोमट झालं. शेवटी आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई जाताना दिसल्या. दहा पावलं अंतर ठेवून त्यांच्यामागून घरी आलो. घर दोनशे पावलांवर होतं. त्यानंतर तुझ्या लेकीला सांगितलं, मला शहर पायी बघायचंय. खरं कारण तिला कळू देऊ नकोस.

आईला शेजाऱ्यांनी बाजारातून घरी आणून सोडलं होतं, आठवतं? मी तिच्यावर खेकसलो होतो, ‘नाटकं करू नकोस.’ पुढे तिच्यापाशी तू राहिलीस, मी नाही. म्हणून तुलाच विचारतो. तिचं सुरुवातीला असंच होतं का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

ताई, मला भीती वाटते.

पाकिटावरचा पत्ता वही न बघता लिहितो आहे. पत्र मिळालं, तर तेवढं लगेच कळव.

तुझा,
धाकटा