ओसरीतलं जाळं

शुक्रवार, १ मार्च १९५७. मूल.

आलो एकदाचा! नागभीडहून मूलपर्यंतची ती लहान गाडी म्हणजे बैलबंडीला इंजिन जोडल्यासारखी आहे. सिंदेवाहीला मी उतरलो, चहा प्यालो, चहावाल्याला त्याच्या कपाची घाण दाखवली, त्याच्याशी भांडून परत येऊन बसलो, तरी ती हलली नव्हती. पण आज माझा राग टिकणारा नव्हता. रंभाचं सासर बघायला निघालो होतो.

वैशाखात लग्न आहे. आम्हा मासे मारणाऱ्या धिवरांत रीत आहे की त्याआधी मुलीचा बाप नाहीतर भाऊ दोन रात्री त्या घरी राहून येतो. चूल कशी पेटते, पाणी किती लांबून आणावं लागतं, घरात भांडण झालं तर आधी कोण गप्प बसतं, ते सगळं बघायचं आणि मुलीला खरं खरं सांगायचं. आई-बाबा गेल्यापासून रंभाचा बापही मीच, भाऊही मीच. घरात आम्ही दोघंच.

निघताना तिनं बजावलं की घर नंतर बघ, आधी तिथल्या म्हाताऱ्या आत्याचा स्वभाव बघ. वर्गातली पोरं मी नुसत्या नजरेनं गप्प बसवतो, पण या पोरीपुढं माझं काही चालत नाही. तिनं मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं आजवर झालेलं नाही. गेल्या दिवाळीला माझं नवं फाउंटन पेनसुद्धा घेऊन बसली. हे लिहितोय ते जुनं, गळकं.

घर बाकी छान आहे. कौलारू, सारवलेलं, मागच्या दारातून चार पावलांवर तलावाची पाळ, मातीचा बांध. पाळीवर मोहाची झाडं, फुलं नुकती गळायला लागलीत, सगळ्या अंगणात तो गोड वास. व्याही सोमाजीभाऊ कमी बोलणारे. नवरदेव इतवारी लाजाळू. माझ्या ताटात मरळीचा मोठा तुकडा घालून स्वतः शेपटी घेऊन बसला, तेव्हाच मी मनात त्याला पास केलं. सोमाजीभाऊंची थोरली विधवा बहीण, गुणाबाई, घर चालवते. हीच ती आत्या. लाखोळीच्या डाळीचं वरण असं करते की मी तिसऱ्यांदा भात मागून घेतला. रंभाला सांगायला हरकत नाही, की बाई बरी आहे.

झोपायला मला ओसरी दिली आहे. खुंटीवर एक जुनं फेकजाळं टांगलंय, सुताचं, फार सुंदर. जाळं विणणाऱ्याला प्रत्येकाचा हात ओळखू येतो. यात किती तरी हात आहेत. कुणी गाठ आवळून मारणारी, कुणी ढिली. इतवारी म्हणाला की घरात येणारी प्रत्येक सून लग्नाच्या दिवशी यात चार डोळे, जाळ्याची चार घरं, विणते. मला हसू आलं, कारण रंभा डावरी आहे, सगळं डाव्या हातानं. तिच्या गाठीला उलटा पीळ पडतो. बाबा यावरून तिला फार बोलायचे. डोळे मिटून बोट फिरवलं तरी तिची गाठ मला कळेल.

एकच खटकलं. जाळं पुरं विणलेलं आहे, फक्त एका बाजूची हातभर जोडणी राहिलीय. भरलेली बांबूची सुई तशीच लोंबकळत ठेवलीय. मी हात लावणार एवढ्यात गुणाबाई म्हणाली की पाहुण्यानं त्याला हात लावायचा नसतो. किती तो मान! मुलीकडचा माणूस म्हणून मला तांब्याही उचलू देत नाहीत.


शनिवार, २ मार्च. सकाळ.

झोप झकास. सोमाजीभाऊ आणि इतवारी उजाडायच्या आत डोंगा घेऊन तलावात गेले. गुणाबाई मासे घेऊन बाजारात. मला म्हणाली, बसा आरामात. आता आरामात बसायचं म्हणजे काय करायचं? मास्तर झालो तरी धिवराचंच पोर ना मी. बाबांचा कायदा होता, की जाळं उघडं आणि सुई भरलेली दिसली तर ज्याच्या नजरेला पडेल त्यानं ते पुरं करावं, मग ते कुणाचं का असेना. रिकाम्या हातानं त्या जाळ्यासमोर बसून मला स्वतःची लाज वाटायला लागली.

शेवटी बसलोच मांडी ठोकून. हात विसरले नाहीत हो! खडूनं मऊ पडलेली बोटं, पण सुई अशी पळत होती की बाबांनी बघायला पाहिजे होतं. शेवटची गाठ मारली, दातांनी सूत तोडलं, सुई खुंटीला अडकवली. येऊन बघतील तेव्हा म्हणतील, मास्तर नुसता पुस्तकी नाही.

सूत ओलं लागलं तेवढं. तलाव जवळ आहे, दमट हवा असेल.


शनिवार. दुपार.

काही तरी चुकलंय माझं.

सोमाजीभाऊ आले, ओसरीवर चढले, जाळं बघितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मीही बोललो असतो, मला बोलता येतं. ते खाली बसले आणि त्यांनी एवढंच विचारलं,

"मास्तर, तुमच्या घरी बाईमाणूस कोण हाये?"

मी म्हटलं, रंभाच. दुसरं कोण?

त्यांनी तोंडावर पंचा घेतला. इतवारी धावत जाऊन कोयता घेऊन आला आणि त्यानं माझी सगळी जोडणी कापून काढली.  मला कुणी काही सांगेना. मी चिडून पिशवी भरायला घेतली, तेव्हा गुणाबाईनं दार अडवलं आणि सांगितलं.

हे घर तलावाच्या जागेवर आहे. कुणा पूर्वजानं पाणी हटवून पाळ पुढं सरकवली आणि तलावाला कबूल केलं की हे जाळं पुरं होईल त्या दिवशी तुझं तुला देऊ. म्हणून ते पुरं करायचं नाही. सुना येतात, चार डोळे विणतात, चार सोडवतात, म्हणजे काम चालू आहे असं तलावाला दिसत राहतं. जाळलं तरी सकाळी ते खुंटीवर असतं. आणि कुणी पुरं केलंच, तर तलाव त्याच्या घरची बाई नेतो, गाठ मारणाऱ्याच्या घरची.

हे मला काल का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली की सांगितलं असतं तर तुम्ही पोरगी दिली नसती. हे मात्र खरं आहे.

मी शिकलेला माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. सोयरीक मोडायची, उद्याच्या गाडीनं घरी जायचं आणि रंभाला सांगायचं, बस.


रविवार, ३ मार्च. सकाळ.

जोडणी परत झाली आहे.

सगळी नाही. वीतभर उरलीय. इतवारीनं काल कापलं तेव्हा हातभर उघडं होतं, मी बघितलं होतं. रात्रभर ओसरीवर मीच होतो. कुणी आलं नाही. नुसतं सूत ओढल्यासारखं ऐकू येत होतं, मला वाटलं उंदीर.

बोट फिरवलं. उलटा पीळ. एकेक गाठ डाव्या हाताची.

परत फिरवलं. डोळे मिटून.

रंभाच्या गाठी आहेत. ती या घरात कधी आलेली नाही. ती तिकडे नागभीडला आहे, शेजारच्या नीलाबाईच्या सोबतीनं ठेवून आलोय मी तिला —

गुणाबाईनं सुई खुंटीवरून काढून माझ्या मुठीत कोंबली. म्हणाली की ही सुई नसली तर गाठ बसत नाही. काल ती तिथंच खुंटीवर राहिली, सगळ्यांचीच अक्कल गेली होती. मी ती चुलीत घातली. जळाली नाही. निखाऱ्यांवर पाणी सोडत पडली होती. परत काढून घेतली.

दुपारच्या गाडीनं जातो. तिला घेऊन नर्मदेपलीकडे जाईन, जिथं तलाव नाहीत तिथं जाईन.


रविवार. दुपार. स्टेशनवर.



नागभीडकडून येणारी गाडी आधी आली. त्यातून आमच्या आळीतला चैतू उतरला. मला बघून हसला, म्हणाला, बहिणीला न्यायला आलात का मास्तर? मी म्हटलं, कोणती बहीण? तो म्हणाला, रंभा ना, माझ्याच डब्यात होती. दादानं घर बघायला बोलावलं म्हणाली. मग साऱ्या वाटेत बोलली नाही. वेणीतून पाणी गळत होतं, बाकडं ओलं झालं, बाया ओरडल्या तिला. माझ्या आधीच उतरली ती, तुम्हाला दिसली नाही?

मी त्या डब्याच्या दारासमोरच उभा होतो. कुणी बाई उतरली नाही.

मी बोलावलं नाही. मी नाही बोलावलं तिला —


रविवार. उन्हं कलली.

धावत परत आलो. पाळीवर तिच्या चपला आहेत. मीच घेऊन दिलेल्या, लाल पट्ट्याच्या. नीट शेजारी शेजारी काढून ठेवल्यात. देवळात जाताना काढतो तशा.

सगळी धिवरआळी पाण्यात उतरली. डोंगे, जाळी. इतवारी बुड्या मारून मारून पडला. काही नाही. आता तळ्याला तरंगही नाही.

माझी रंभा. मीच केलं हे. शहाणपणा दाखवायला गेलो.

गुणाबाईनं मला ओसरीवर आणून बसवलं. ती म्हणते, अजून गेली नाही ती. जाळं अजून उघडं हाये. ती सुई मागायला येईल.

"द्याची नाई. कोणी बी मांगो, कशी बी मांगो. सकार होयेपर्यंत मूठ उघडाची नाई. मंग पोरगी पाळीवर भेटन. जिती भेटन."

मी विचारलं, कुणी केलंय का असं? कुणी मूठ मिटून ठेवलीय?

तिनं सोमाजीभाऊंकडे बोट दाखवलं. ते अंगणात, ओसरीकडे पाठ करून. त्यांना एक थोरली पोरगी होती. इतवारीच्या आधीची. त्यांच्याही हातून एकदा जाळं पुरं झालं होतं. लहान होती. रडत आली म्हणे. त्यांनी सुई देऊन टाकली.


रविवार. दिवा लावला.

सुई डाव्या मुठीत. वरून पंचा बांधून घेतला. उजव्या हातात लेखणी. लिहीत राहीन. हात रिकामा ठेवायचा नाही.

नुसती एक रात्र. एक रात्र कुणालाही निघते.

मी नाही म्हणू शकतो. म्हणता येतं. नाही. नाही. नाही.

मागचं दार —

गुणाबाईनं लावलं होतं ते. उघडं आहे.

ओली पावलं. सारवणावर. इकडे येतात.

मान वर नाही करायची. कागदाकडे बघायचं. मोहाचा वास नाही आता, चिखलाचा.

समोर बसली आहे. बांगड्या वाजल्या, मीच घेऊन दिलेल्या. तिला थंडी वाजून राह्यली. दात वाजून राह्यले तिचे, ऐकू येते मले —

लहानपणी ताप आला का असेच —

म्हणते, दादा, आत लय गार हाये. एवढं पुरं केलं का मले घरी जाऊ देतात. दे ना सुई.

नाही म्हटलं.

म्हटलं मी! नाही म्हटलं.

रडत नाही. हसली. तशीच हसते ती. म्हणते, पेन मांगितलं तवा बी आधी नाईच म्हटलं होतं तू —

पंच्याची गाठ. डाव्या हातानं सोडून राह्यली. तिची बोटं, इतकी लहान —

गुणाबाई ओरडते. लांबून.

मूठ मिटलेली आहे. मिटलेलीच आहे. रंभा, नको. माय, तू थांब, मी तुले दुसरं काही बी —

मूठ मी