मुफद्दलच्या घरचा असली माल

ऐन तूत,
शुक्रवार, दुपारची नमाज आटोपून

आदरणीय अल्लालदादा यांस,

खाली समुद्रकाठी राहणाऱ्या तुम्हांला वर डोंगरात राहणाऱ्या तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे मुफद्दलचा, सलाम पोचावा. वहिनींना आणि मुलांना शामाचा सलाम. तुमची कंबर आता कशी आहे? तंजाची दमट हवा तुम्हांला मानवत नाही, हे मी लग्नापासून सांगत आलो आहे आणि तुम्ही लग्नापासून ऐकत नाही आहात. इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहेत. म्हणजे शामाचे गुडघे दुखतात, खेचर लंगडतं, आणि छपराचा एक पत्रा वाऱ्याने उडून शेजारच्या हम्मूच्या अंजिरावर जाऊन बसला आहे. यापेक्षा जास्त बरं असणं आम्हांला झेपणारही नाही.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण असं की तुमच्या भाच्याचं, बदरचं, लग्न जमत होतं की मोडत होतं हे गेला महिनाभर नक्की कळत नव्हतं, आणि अर्धवट बातमी कळवणं मला आवडत नाही. मुलगी डोंगरापलीकडच्या अझघारची, नाव सुकैना. बाप वारलेला. घरात चालतं ते आजीचं, लल्ला मन्नानाचं; अख्खं गाव तिला मानाने लल्ला म्हणतं. आम्ही रीतीप्रमाणे साखरेचे चार सुळके, मेंदी आणि एक बकरा घेऊन मागणी घालायला गेलो. (बकरा दोनदा पळाला, एकदा वाटेत आणि एकदा त्यांच्या अंगणात. दोन्ही वेळा बदरने त्याला धरून आणलं, त्यामुळे मुलगा कष्टाळू आहे हे त्या लोकांना न सांगता दिसलं.) मन्नानाने साखर बाजूला ठेवायला सांगितली, बकऱ्याची पाठ चाचपून बघितली, आणि मला म्हणाली, "घर बघायला मी येणार नाही. चुना फासला की कुणाचंही घर उजळतं. तुमच्या घरचा यंदाचा चरस आणून दाखव. अंगठ्याएवढा पुरे. कोणाचा हात आळशी आहे नि कोणाचा हावरा, ते मी त्यावरून सांगेन. मग पोरीचं बोलू."

आता यात तिचं काही चुकलं असं तुम्हीही म्हणणार नाही. परातीवर कापड ताणून गांजाच्या वाळल्या झाडावर छड्या बडवायला लागलं की पहिली भुकटी पडते ती सोनेरी, थोडी आणि खरी. तिथेच थांबणारा माणूस समाधानी. जो आणखी बडवतो त्याच्या परातीत हिरवं उतरायला लागतं. वजन वाढतं आणि अब्रू कमी होते. या खोऱ्यात मुलीच्या आयांनी जावयाचे दात पाहिले नसतील, पण परात पाहिली आहे. अडचण निराळीच होती. यंदा आमच्या परातीवर कापड चढलंच नव्हतं.

तुम्हांला मागे कळवलंच होतं की मी सहकारी संस्थेत नाव घालून औषधासाठीच्या लागवडीचा परवाना काढला. परवाना म्हणजे काय, तर संस्थेचा कारकून येऊन झाडं मोजतो, मग ट्रक येतो, आणि पान न् पान त्यात चढतं. गळालेलं पानसुद्धा. (कारकुनाने माझ्या जेलाब्याच्या, म्हणजे अंगातल्या झग्याच्या, टोपीत अडकलेली डहाळी काढून गोणीत टाकली आणि पावती दिली.) पण दादा, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी हिवाळाभर पोलिसांच्या गाडीचा आवाज ऐकून उठून बसलो नाही. या सुखाचं मोल मन्नानाला सांगून उपयोग नव्हता, कारण परवानेवाल्यांना ती औषधवाल्यांचे गडी म्हणते, आणि गड्याच्या घरी नात द्यायची नाही हे तिने अझघारच्या अख्ख्या विहिरीवर सांगून ठेवलं आहे.

शामा म्हणाली, सरळ खरं सांगून टाका. मी तिला म्हटलं, खरं सांगायला आयुष्य पडलंय, मुलाचं लग्न एकदाच आहे. यावर तिने तुमच्या घराण्याच्या पद्धतीप्रमाणे भांडी जरा जोरात ठेवायला सुरुवात केली.

तेव्हा चरस विकत घेणं आलं. हम्मूकडे मागितला असता तर त्याने आनंदाने दिला असता, आणि तिसऱ्या प्रहरच्या नमाजेपर्यंत खोऱ्यातल्या शेळ्यांनाही कळलं असतं की मुफद्दल चरस मागत फिरतो. खाटकाने शेजारी मटण मागायला जावं तसला प्रकार. म्हणून मी ठरवलं की जिथे मला कोणी ओळखत नाही आणि जिथे सगळं जग हेच विकत घ्यायला येतं, त्या शफशावनला जायचं. एका टॅक्सीत सहाजण कोंबून बसलो. माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी होती, तिचा प्रवास माझ्यापेक्षा बरा झाला.

शफशावनला मी त्या निळ्या पायऱ्यांवर सकाळपासून उभा राहिलो. समोरून जो परका जाईल त्याच्या कानाशी चार पोरं लागत होती, मित्रा, चांगला माल आहे, बघून तर घे. माझ्या कानाशी कोणी लागेना. मी दोनदा खाकरलो. एकाच्या अगदी जवळ जाऊन मंद हसलो. तो म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा ना, गिऱ्हाईक बिचकतं." दुसऱ्याने मला आडोशाला नेलं तेव्हा वाटलं जमलं, पण त्याने हळूच विचारलं की किती किलो आणलंत. मी म्हटलं, बाबा, मला घ्यायचं आहे. त्याने माझ्या जोड्यांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं (हे हात बघून मला गिऱ्हाईक कोण समजणार), आणि मी पोलिसांचा माणूस आहे असा निष्कर्ष काढून जो पळाला तो चप्पल मागे टाकून. ती चप्पल मी पायरीवर नीट ठेवली.

शेवटी मला गिऱ्हाईक म्हणून स्वीकारलं ते एका परक्याने. बैसारची गरम आमटी पीत बसलो होतो, तर शेजारचा केसांची शेंडी बांधलेला स्पॅनिश पोरगा विचारू लागला, तुमच्याकडे आहे का. मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, नाही, उलट मलाच हवा आहे. त्याचं नाव इन्याकी. त्याला माझी दया आली. म्हणाला, या गावात भोळ्या माणसाला फसवतात, तुम्ही माझ्याबरोबर चला. मग त्याने मला एका गच्चीवर नेलं आणि विकणारा येईपर्यंत चरस म्हणजे काय ते शिकवलं.

दादा, मी तुमच्यापाशी खोटं बोलणार नाही. मी हे आयुष्यभर बडवलं, पण ओढलं कधीच नाही. आपल्याकडे म्हातारे लांब नळीतून किफचा पाला ओढतात, चरस ही बाहेरच्यांची आवड, आपण करून द्यायची आणि तोंड फिरवायचं. त्यामुळे गिऱ्हाईक त्यात काय बघतं हे मला खरोखर माहीत नव्हतं. इन्याकीने सांगितलं की तळहाताच्या उबेने तो मऊ पडला पाहिजे, ज्योत दाखवली तर बुडबुडे यावेत, राख पांढरी पडावी, काळा धूर आला तर भेसळ. वास घेताना डोळे मिटावेत. मी मिटले. पुढे म्हणाला की डोंगरातले जुने शेतकरी फार थोर असतात, ते छडी मारताना झाडाची क्षमा मागतात. हे त्याला कोणी सांगितलं देव जाणे. मी क्षमा मागितल्याचं मला आठवत नाही. एकदा बोटावर छडी बसली तेव्हा काहीतरी बोललो होतो, पण ते क्षमेसारखं नव्हतं.

एवढ्यात विकणारा आला. पंचविशीचा, डोक्याला उलटी टोपी. त्याने तपकिरी तुकडा काढला आणि स्पॅनिशमध्ये सांगू लागला, "हा बाजारातला माल नाही. ऐन तूतच्या मुफद्दलच्या घरचा असली माल. म्हातारा नव्वदीला टेकलाय, डोळ्यांनी दिसत नाही, पण हात सोन्याचा. कुणाला विकत नाही मेला. घरातलेच चोरून आणतात."

मी सत्तावन्न वर्षांचा आहे आणि मला हम्मूच्या अंजिरावरचा माझा पत्रा इथून दिसतो. पण तिथे बसून मी मुफद्दल आहे असं म्हणणं म्हणजे सगळाच घोटाळा. मी एवढंच विचारलं की या मुफद्दलची तब्येत कशी असते. तो म्हणाला, "आज आहे, उद्या नाही. म्हणून भाव जास्त." इन्याकीने माझ्या वतीने घासाघीस केली आणि भाव आणखी थोडा वाढवून घेतला. माझ्याच नावाचा अंगठ्याएवढा चरस तीनशे दिरहम देऊन मी मोज्यात घातला आणि घरी आलो. वास घेऊन पाहिला तर माल काही अगदीच वाईट नव्हता. नाव माझं लावलं आहे तर तो माझा म्हणायला हरकत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

काल बदरला घेऊन अझघारला गेलो. मन्नानाने तुकडा तळहातावर घेतला, दुसऱ्या हाताने झाकला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग वास घेतला. मग पुन्हा. तिने विचारलं, "तुझा आहे ना? मग यात खोट काय ते तूच सांग."

आपल्या मालाची खोट कोण काढतो? पण माल माझा नव्हता, त्यामुळे माझी जीभ सैल होती. मी म्हटलं, "पहिली भुकटी उत्तम आहे, लल्ला. पण तिथे थांबायला हवं होतं. वीस-पंचवीस छड्या जास्त पडल्यात आणि हिरवं उतरलंय. हात हावरा नाही. थांबायचं कधी ते कळलं नाही, एवढंच."

तेवढ्यात चहाचं तबक घेऊन सुकैनाचा थोरला भाऊ रदवान आत आला. मागच्या खेपेला तो घरी नव्हता, शफशावनला कामाला गेला होता असं त्यांनी सांगितलं होतं. काय काम ते आता कळलं, कारण डोक्याला तीच उलटी टोपी होती. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, आणि सहा पेले एकदम वाजू लागले. मन्नाना म्हणाली, "तबक ठेव आणि बाहेर जा. बदरलाही ने, बकरा दाखव."

दोघं गेल्यावर ती म्हणाली, "माझा हात मला वासावरून कळतो. हा कोणाचा म्हणून विकला तुला?"

मी म्हटलं, "माझा म्हणून."

म्हातारी इतकी हसली की डोक्याचा रुमाल सुटला. मग हसणं थांबलं आणि तिने विचारलं, "म्हणजे माझ्या नावावर कोणी घेत नाही?" दादा, मला वाईट वाटलं. मी तिला परवान्याचं, ट्रकचं, टोपीतल्या डहाळीचं, सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तीन हिवाळे झाले, हिरवं कधी उतरतं ते मला दिसत नाही. विचारलं की घरातले म्हणतात, आजी, सोनं आहे सोनं. सगळ्यांना माझी भीती वाटते की दया येते, कोण जाणे. तू औषधवाल्यांचा गडी आहेस. खोटारडाही आहेस. पण तीन वर्षांत मला खोट सांगणारा पहिला माणूस तू. पोर तुझ्याकडे देते. अट एकच, पुढच्या हिवाळ्यात परातीशेजारी येऊन बसायचं आणि कधी थांबायचं ते मला सांगायचं."

मी हो म्हटलं. नाही म्हणणं शक्यच नव्हतं, आणि म्हणावंसंही वाटलं नाही.

लग्न अंजीर उतरल्यावर. मामा म्हणून तुम्ही चार दिवस आधी यायचं आहे. कंबरेची सबब चालणार नाही, इथे सगळ्यांचंच काही ना काही दुखतं. मोठ्यांना मान, लहानांच्या डोक्यावर हात, आणि जे पत्र वाचताना कान देऊन ऐकत असतील त्यांनाही सलाम.

तुमचा,
मुफद्दल (सत्तावन्न वर्षांचा, डोळस)

ता. क. खरं काम राहिलंच. मी अझघारला परातीशेजारी बसलेला कारकुनाला दिसलो तर परवाना जाईल. तेव्हा तुमच्या चष्म्यांच्या दुकानातून लल्ला मन्नानासाठी एक जाड भिंगांचा चष्मा पाठवावा. मोतीबिंदू नाही, नुसता नंबर आहे, असं दवाखान्यातल्या बाईने सांगितलं होतं, पण मन्नानाच्या मते चष्मा मास्तरांनी घालावा. नंबर मला ठाऊक नाही. सुईत ओवताना ती दोरा सुईच्या चार बोटं डावीकडून नेते, त्यावरून काय तो अंदाज करा.

ता. क. दुसरा. शामाने पत्र वाचलं. ती म्हणते, चष्मा लग्नानंतरच पाठवा. म्हातारीला दिसायला लागलं की खोट सांगणाऱ्या माणसाची गरज संपेल, आणि मग आपल्याकडे पोर द्यायचं तिला कारण काय? तुमची बहीण व्यवहारात किती पक्की आहे ते तुम्हांला माहीत आहेच.

ता. क. तिसरा, शामा गुरांकडे गेल्यावर. चष्मा लग्नाआधी पाठवा, जमलं तर याच आठवड्यात. आम्ही निघताना सुकैना सलाम करायला आली तेव्हा मन्नानाने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मला विचारलं की पोर आता दिसते कशी. मी म्हटलं, चांगली दिसते. पण ते मी सांगण्यासारखं नाही. लग्न मोडलं तर मोडलं, नात घराबाहेर जाण्याआधी तिने एकदा तिला नीट बघून घ्यावं.