शोकेसमधली ती मुलगी

आप्पा, तीन दिवस झाले, मी स्वतःचा एक साधा फोटो काढायला बघतेय आणि जमत नाहीये. नाशिकच्या प्रदर्शनात माझे दहा फोटो लागणार आहेत. तुम्ही त्यांना फोटो म्हटलं नसतं. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीवर माझी साडी उभी आहे, आत कुणीच नाही. आरशासमोर मी बसलेय, आणि आरशात नुसतं तापीचं पाणी. यातला एकच तुम्ही पाहिलात. चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "मानूस वळखू यी, त्याले फोटो म्हनतस. तुन्हं तोंड कोठे शे?" मी चिडून निघून गेले होते.

कुठे असणार? मला बघायला पाहुणे यायचे होते तेव्हा तुम्हीच माझा फोटो काढला होता, बस स्टँडजवळच्या आपल्या स्टुडिओत. "हनुवटी खाले, बेटा," म्हणत, किती मायेनं. मग कॉम्प्युटरवर बसून मला गोरी करत गेलात. मी मागे उभी. "आप्पा, ही कोण?" "तूच शे. उजेड जरासा जास्ती शे, बस." रनाळ्याचे पाहुणे आले. मुलाच्या आईनं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्यादेखत विचारलं, "हाईच पोर शे का?" चहा अर्धा ठेवून ते उठले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं, पण आठवड्याभरात तोच फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावलात! शाळेत शिकवायला जाता-येता सहा वर्षं मी त्या गोऱ्या मुलीसमोरून मान खाली घालून गेले. पोरी तिच्याकडे बोट दाखवून सांगायच्या, मला अशी काढा.

आता प्रदर्शनवाले म्हणतात, एक तरी तुमच्या चेहऱ्याचा द्या. रोज सकाळी गच्चीवर कॅमेरा लावून बसते. चेहरा येतो, आणि माझा हात तो पुसायलाच जातो. काल लॅपटॉप आपटून बंद केला तर आई स्वयंपाकघरातून म्हणते, "कोनवर चिडी ऱ्हायनी वं?" म्हटलं, लॅपटॉपवर. खरं तर तुमच्यावर.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. तुम्ही गेलात तेव्हा हार घालायला फोटो सापडेना. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभे राहिलात. होता तो एकच, आजारपणात मी मोबाइलवर काढलेला. गाल आत गेलेले, डावा डोळा अर्धा मिटलेला. मी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरसमोर तुमच्याच खुर्चीवर बसून गाल भरले, डोळा उघडला. दाराशी आलेले सगळे म्हणाले, आप्पा अगदी असेच होते. मीही मान हलवली.