पोटातली ताई

मंगळवार, दुपार

प्रिय ताईस, धाकट्याचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. दुकानात सध्या फ्रेमांपेक्षा आरशांचं काम जास्त आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भिंतीला टेकवलेल्या आरशांतून समोरचा रस्ता हळूहळू वाहत राहतो आणि माझा डोळा लागतो. हल्ली स्वप्न एकच पडतं. एका खोलीत तू पाठमोरी बसून काहीतरी शिवते आहेस आणि दाराखालून पाणी आत येतं आहे. मी हाक मारत नाही. तू दचकशील म्हणून.

तुला झोप लागते का, भूक आहे का, हे मी रोज फोनवर विचारतो. मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, "अरे, मी काय बाळंतीण आहे का?" मी हसण्यावारी नेलं. यकृत दिलेल्यांनी या महिन्यात रक्त तपासायचंच असतं, असा नियम सांगून तुला पाठवलं. तो नियम माझाच.

ताई, तो आजार परत आला आहे. हिपॅटायटिस सी. हातात काच घुसली तेव्हा चढवलेल्या रक्तातून आलेला, माझं यकृत खाऊन बसलेला, तोच. माझ्या रक्तात दडून होता, आता तू दिलेल्या तुकड्यात शिरला आहे. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी ऑपरेशनआधी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. तू म्हणालीस, "याला दिलेली वस्तू कधी धड राहिली आहे का? तरी द्या."

गोळ्या मिळाल्या, पण मी त्या देवापुढे ठेवून दिल्या. माझ्या मनानं घेतलं होतं, तुकडा तुझा, तेव्हा त्याचं दुखणं तुला पोचणार आणि कडक औषधही तुलाच बाधणार. जेवताना मी पोटाकडे बघून तुला विचारून घास घेतो, हे हिनं कधीच ओळखलं आहे. म्हणते, "ताईंनी यकृत दिलंय, त्या स्वतः आत येऊन बसल्या नाहीत."

तुझा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा कुठे डॉक्टरांना विचारायचा धीर झाला. ते आधी हसले. मग म्हणाले, "अहो, दिलेल्या अवयवाची पलीकडे तार नसते. त्यांचं त्यांच्यापाशी, तुमचं तुमच्यापाशी. गोळ्यांनी बहुतेकांचा आजार जातो. असेच थांबलात तर मात्र हेही यकृत जाईल."

जीव हलका व्हायला हवा होता. पण परतताना रस्ता फार रिकामा वाटला. ऑपरेशन झाल्यापासून मी एकटा असा कधी चाललोच नव्हतो.

आज सकाळी हात जोडले आणि पहिली गोळी घेतली. गिळताना स्वतःला समजावलं, हे पोट माझं एकट्याचं आहे.

येऊ नकोस, असं लिहिणार होतो. ये. पण रागावून ये. "असू दे रे" म्हणालीस तर मला मान वर करता यायची नाही.

आता स्वतःपुरताच आजारी,
तुझा धाकटा