रुखवताचं वजन

२३ जानेवारी, शुक्रवार

आलं ते असं — लोखंडी कपाट, आरशाचं, १ : साडेअठरा हजार. फ्रीज १ : सव्वीस हजार. पलंग, सुटा केलेला, १ : बावीस हजार. धुण्याचं मशीन १ : सतरा हजार. तांब्या-पितळेची भांडी, लहानमोठी बेचाळीस नग : एकतीस हजार सातशे. आणि हे सगळं ओढून न्यायला दोन चाकांचा ट्रेलर १, उद्यमनगरातल्या एका वेल्डरकडून करून घेतलेला : अठ्ठेचाळीस हजार! विजेवरची नवी गाडी परवा रथसप्तमीला येणार, तिच्या मागे हुक बसवायचे साडेसहा हजार आधीच दिले.

टेम्पो भाड्याने घेतला असता तर दोन खेपांत काम झालं असतं. पण माझ्या जावेला, संयोगिताला, मिरवायचं आहे. तिच्या वर्षाराणीचं लग्न आठ फेब्रुवारीला. पन्हाळ्यावरच्या बंगल्यातून खाली कोल्हापुरात कार्यालयाच्या दारात विजेची गाडी उभी राहणार, मागे रुखवत — आणि व्याह्यांनी बघत राहायचं.

विजयसिंह भावजी म्हणाले, "वैनी, यादी आन सामान तुमच्याकडं. तुमच्यागत नोंद कोन ठेवतंय?"

संयोगिता हसली. "ताईंचा तेवढाच येळ जाईल की!"

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला ठाऊक आहे.

२४ जानेवारी, शनिवार

तीन वर्षं झाली. माझ्या लेकीची, अस्मिताची सुपारी फुटली होती. मुलाची मावशी हळदीकुंकवाला आली होती, संयोगिताने तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. ल्हान असताना फिट यायची तिला. आता बरी हाय म्हणा!"

एकदा आली होती. चार वर्षांची असताना, तापात. एकदा!

आठ दिवसांत नारळ परत आला. अस्मिता आता राजारामपुरीत क्लासला गणित शिकवते, एकतीस पुरी होईल. त्या मावशीच्या समोर मी हळदीकुंकवाची ताटली धरून उभी होते, आणि पुढच्या बाईला कुंकू लावायला वळले. ते "म्हणा" मला अजून ऐकू येतं. आरती म्हणतानासुद्धा.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

गाडी आली. पाच सवाष्णींनी ओवाळली, त्यात मी. चाकाखाली लिंबू. संयोगिता फोटो काढत होती, भावजी फोनवर, ड्रायव्हर आकाराम प्रसाद वाटत होता. शोरूमचा माणूस घडाघडा सांगत होता — ऐकणारी मी एकटी.

"मावशी, पाय काढला की गाडी सोताच आवरती. आन आवरताना जेवढी वीज तयार हुती ती परत बॅटरीत."

मला हे फार आवडलं. वाया जाणारं परत डब्यात! मी विचारलं, "आणि डबा आधीच काठोकाठ भरलेला असला तर? मग कुठं ओतायचं?"

तो चपापलाच. "बरोबर बोललासा! शंभर टक्के भरली आसंल तर ते आवरणं हुत न्हाय, मग सगळा भार ब्रेकवर. म्हणून घाट उतरायचा आसंल तर ऐंशीला प्लग काढायचा."

पुढे म्हणाला, ओढायचं वजन पुस्तकात दिलंय, ट्रेलर धरून पाचशे किलो. वर नको. आणि जड सामान पुढच्या अंगाला, हुकावर थोडा दाब राहील असं. मागे जड झालं की ट्रेलर शेपटीसारखा हलतो.

हे मला कुणी शिकवायला नको. माहेरी बापू बैलगाडीत गुळाच्या ढेपा भरताना पहिल्या चार ढेपा नेहमी धुरेकडे, बैलांच्या अंगाला ठेवायचे. मागे भार पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाचा गळा आवळतो.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, काय म्हणाला तो? म्हटलं, काही नाही, साबणाने धुवा म्हणाला.

२८ जानेवारी, बुधवार

खोक्यांवरची वजनं उतरवून घेतली. कपाट ७८, फ्रीज ५६, पलंग ११०, मशीन ६२, भांडी (आमच्या काट्यावर तोलून) ९४. ट्रेलर स्वतः २२०, वेल्डरच्या पावतीवर आहे. बेरीज ६२०.

दोनदा केली. ६२०च.

भावजींचा फोन आला — "बसंल न्हवं सगळं?" म्हटलं, बसेल की. जागेला बसेल. खोटं कुठे बोलले?

३१ जानेवारी, शनिवार

रिकामा ट्रेलर जोडून आकारामने पन्हाळ्यावरून खाली आणि परत फेरी मारली. खूश! "वैनी, आवाजच न्हाय वो! गाईमागं वासरू यावं तसं येतंय." भावजींकडे वीस वर्षं आहे तो. ट्रॅक्टर, जीप, सगळं चालवतो. जेवायला बसवला तर ताट स्वतः घासून ठेवतो.

रिकामं कसंही येतं.

१ फेब्रुवारी, रविवार. पौर्णिमा

नृसिंहवाडीला जाऊन आले. एसटीने, अर्ध्या तिकिटात. पादुकांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. महाराजांपुढे लपवायचं काय? म्हटलं, माणसाला ओरखडाही नको. तेवढं सांभाळा. फक्त भांडी. भर रस्त्यात, व्याह्यांच्या पाहुण्यांसमोर, तिची बेचाळीस भांडी गडगडत जाऊ देत आणि तिला ती पदर खोचून गोळा करताना मला बघू दे. आणि मी म्हणेन, "बाकी सगळं चांगलं हाय म्हणा!"

हे वाक्य घाटावर बसून तीनदा मनात म्हणून पाहिलं. गोड आवाजात.

मी काही करणार नाही. मी फक्त सांगणार नाही. करणारे महाराज.

४ फेब्रुवारी, बुधवार

अस्मिताने वर्षाराणीला साडी आणली, स्वतःच्या पगारातून. चार हजार दोनशे! मी बोलले तर म्हणाली, "आई, वर्षाचा काय दोष? आणि काकूचं पण सोड आता. मी सोडलं."

तिने सोडलं. आईने सोडायचं नसतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

झालं.

सकाळी सात वाजता पन्हाळ्यावर पोचलो. गाडी रात्रभर चार्जिंगला. बंगल्याच्या छपरावर सोलर, त्याची बॅटरीही मोठी बसवलेली, म्हणून संयोगिताचं एकच — "फुकटचं ऊन हाय, भरू दे शंभर!" पडद्यावर हिरवा आकडा. शंभर. मी पाहिला. मी चहा प्याले.

मग सामान. यादी माझ्या हातात, उचलायला आकाराम आणि शेजारचे दोघे. पलंग, फ्रीज, मशीन चढलं. कपाट राहिलं. संयोगिता म्हणाली, कपाट मागं ठेवा, कार्यालयात पहिलं उतरवायचं. तसंच ठेवलं. भांड्यांची पोतीही मागेच. आकारामने ट्रेलरची पुढची दांडी उचलून बघितली. एका हाताने उचलली गेली! माझ्याकडे बघून म्हणाला, "वैनी, मागं जड न्हाई व्हत?"

म्हटलं, "दोर आवळ नीट."

त्याने आवळला. निघाला. आम्ही मागच्या जीपमध्ये — भावजी चालवायला, संयोगिता, मी. ती फोनवर शूटिंग घेत होती. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्याला ट्रेलर थोडा हलला. संयोगिता म्हणाली, "नाचतंय बघा कसं, लग्नातलं हाय न्हवं!" भावजी हसले. तिसऱ्याच्या उतारावर ट्रेलर डावी-उजवीकडे जायला लागला आणि थांबेचना. मागचे लाल दिवे लागले. गाडी आवरली नाही, मागून ढकलत होतं ना सगळं. ट्रेलरने एकदा मोठा हेलकावा घेतला आणि गाडीला मागून धरून आडवी फिरवली. कठड्यावर आवाज झाला.

भांडी गेली. वाघबिळाच्या बाजूला उतारावरून, एकामागून एक, उन्हात चमकत. एक घागर तर किती वेळ दिसत होती. माकडं झाडावर पळाली. जसं मागितलं होतं अगदी तसं.

संयोगिताने एकाही भांड्याकडे बघितलं नाही. अनवाणी धावली. "आकाराम! आकारामभाऊ!" म्हणत दार ओढत होती, हाताला काच लागली तरी ओढत होती. मी जीपमध्येच.

त्याचा उजवा हात कोपरापासून मोडला. तीन बरगड्या. शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "वैनी, दोर नीट आवळला हुता वो."

८ फेब्रुवारी, रविवार

लग्न लागलं. रुखवत नाही. टेबलावर नुसता चादरीचा पांढरा पट्टा. मला वाटलं होतं आता कुजबूज होईल, आता माना खाली जातील. व्याहीणबाई उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमाला पोरगी पायजे हुती, कपाट न्हाय. मानूस वाचला त्येच रुखवत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. संयोगिता त्यांच्या गळ्यात पडून रडली.

एवढं करून तिला टाळ्या!

मी तयार ठेवलेलं वाक्य कुणाला म्हणू? जेवले नाही. उपास म्हटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आकारामला बघायला गेले. पेशंटला द्यायला सहा केळी, तीस रुपये. बायको तानाबाई खाटेच्या पायथ्याशी बसलेली. तिने पदराने स्टूल पुसून दिलं.

डॉक्टर म्हणतात हात पूर्वीसारखा होणार नाही. जड गाडी चालवता येणार नाही. आणि वर पोलिसांत गुन्हा — भरधाव चालवली, सामान चुकीचं भरलं. जबाब भावजींचा. जीप मागे होती, त्यांनी स्वतः बघितलं की तो तिसाच्या वर गेला नव्हता!

तानाबाई म्हणाली, "वैनी, ह्येनी तुमची यादी बघून भरलं म्हणत्यात. तुमी साहेबास्नी सांगा की. तुमचं कोन बी ऐकंल. देवाधर्माचं माणूस तुमी."

केळी तिच्या मांडीवर ठेवली आणि निघाले. जिना उतरताना पिशवी वर राहिल्याचं आठवलं. परत गेले नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांना म्हटलं, आकारामने भरधाव चालवली नाही. वजन जादा होतं, एकशेवीस किलो. माझ्याकडे बेरीज आहे.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "कवापासनं हाय?"

"अठ्ठावीस तारखेपासून."

ह्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "फाडून टाक ती. जादा वजनाचं भाईर आलं तर विजूचा विमा बुडंल. आन आपल्या घराचं नाव. आकारामचा दवाखाना विजू बघतोय की. पोलीस ठाण्याची पायरी तू चढायची न्हाय. माझी शपथ हाय."

विमा बुडेल. मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण इथे तरी लिहावं — बुडू दे, तिचाच बुडू दे, असं आलं. अजूनही! आकारामचा हात मोडलाय आणि माझं मन अजून तिच्याच दारात उभं आहे.

पोथी उघडली. अक्षरं दिसली, वाचता आलं नाही. महाराजांना सांगितलं होतं माणसाला ओरखडा नको म्हणून. त्यांच्यावर टाकलं होतं ना सगळं. पण दांडी त्यांच्यासमोर उचलली गेली नव्हती. माझ्यासमोर उचलली गेली होती.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सात तारखेला इथे लिहिलं ते खोटं आहे. कपाट मागे ठेव असं संयोगिता म्हणाली नव्हती. ती आत फुलांचा हार शोधत होती. आकाराम कपाट पुढे घेत होता, त्याला मी थांबवलं. मी म्हणाले, "मागं ठेव, पहिलं उतरवायचं हाय." वहीतसुद्धा तिच्याच नावावर टाकलं.

पायरी न चढण्याची शपथ आहे. पोस्टाची नाही. आज रजिस्टरने पाठवलं त्याची नक्कल —

"मा. फौजदारसाहेब यांस. पन्हाळ्याच्या घाटातील अपघातात गाडी चालवणारे आकाराम केरबा चौगुले यांचा काही दोष नाही. वजन जादा आहे हे मला दहा दिवस आधी माहीत होते, वजनाची यादी सोबत जोडली आहे. बॅटरी पूर्ण भरून घाट उतरू नये हेही माहीत होते. जड सामान मागे मी ठेवायला लावले, त्यांनी विचारले असता मी उत्तर दिले नाही. हे चुकून झालेले नाही. दीर-जावेला यातले काही ठाऊक नव्हते. आकाराम यांचे नाव गुन्ह्यातून काढून माझ्यावर गुन्हा घालावा. मी कोणत्या दिवशी हजर व्हायचे ते उलट टपाली कळवावे. — सौ. इंदुमती कृष्णात इंगवले, राजारामपुरी."