वसंततिलकेचं बिऱ्हाड

४ जून
वरचे भाडेकरू पुण्याला गेले. फ्रिज नेला, कूलर नेला, तुळशीची कुंडीसुद्धा नेली. कुत्री आणि तिची तीन पिल्लं मात्र जिन्याखालीच. मन भरून आलं. संकल्प: दिवाळीच्या आत तिन्ही पिल्लांना उत्तम घरं, आई आपल्याकडे. सामान्य माणसाने मनावर घेतलं तर काय होत नाही! हिची अट: कुत्रीचं ऑपरेशन लगेच. आणखी एक जरी पिल्लू झालं, तर सगळा गोतावळा रस्त्यावर. चिल्लर अट. मान्य केली.

९ जून
नामकरण. आई वसंततिलका. पिल्लं मालिनी, मंदाक्रांता, शार्दूलविक्रीडित. सातवीत गुरुजींनी ही वृत्तं टेबलावर छडीचा ठेका धरून शिकवली. अजून कानात घुमतात. ही आईला नुसतं ‘वसे’ म्हणते. रसिकता उपजतच लागते.

२२ जून, सकाळी
देवगाव रंगारीचा भिकन आला. मेंढ्या राखायला पिल्लू हवंय. म्हटलं, आधी शार्दूलविक्रीडितला नावाने हाक मार. तर म्हणतो, “आबा, एवढं नाव घेईस्तोवर लांडगं मेंढी घिऊन जाईल की!” चहा पाजून वाटेला लावला.

संध्याकाळी
शेजारचे फारूखभाई बहिणीला घेऊन आले. राहत, बिडकीनची. मालिनी तिच्या मांडीवर लगेच झोपली. तरी मी नियम सोडला नाही. म्हटलं, आठ ओळींची एखादी कविता म्हणून दाखव. तिने शेर म्हटला. सुरेख, पण दोनच ओळी. विचार करून कळवतो म्हणालो. फारूखभाई म्हणाले, “काका, पिल्लू देरे के मास्तरां भरती कररे?”

१८ जुलै
ऑपरेशनची तारीख फारूखभाईंनी घेतली, रिक्षा त्यांनी ठरवली. माझ्याकडे एकच काम: कालपासून तिला उपाशी ठेवणं. पण सकाळी तिने माझ्याकडे पाहिलं. काय तो करुणरस! तीन मारी बिस्किटं, दुधात बुडवून. डॉक्टरांनी तसंच परत पाठवलं. या लोकांना शास्त्र शिकवतात, काव्य नाही. पुढची तारीख आता मीच घेणार.

६ सप्टेंबर
तारीख घ्यायची राहिली. पण त्याहून मोठी गोष्ट घडतेय. संध्याकाळी अंगणात कविता म्हणायला बसलो की गेटबाहेर कुत्री येऊन बसतात. काल दोन, आज चार. एकदम शांत.

९ सप्टेंबर
श्रोते सात! एक तांबडा तर थेट क्रांती चौकाकडून येतो म्हणे. आवाज इतका कधी लागला नव्हता. वसंततिलका माझ्या पायाशी, नजर मात्र श्रोत्यांवर. फारूखभाई भिंतीवरून ओरडले, “काका, गेट लगाव, गेट!” असूया. मी उलट गेट सताड उघडलं. ही नेमकी पैठणला बहिणीकडे. नवऱ्याचा मान पाहायचा राहिला.

१ ऑक्टोबर
पंधरा दिवस एकही श्रोता नाही. लोकप्रियतेचं असंच असतं. वसंततिलका अंगाने छान भरलीय. माझ्या हातचं दूध मानवलं.

९ नोव्हेंबर, पहाटे
पाच. एक अगदी तांबडं.
आता जुनी तीन धरून आठ. कविता हे कारण हिला सांगून पाहिलं. फारूखभाईंनी खरं कारण सांगितलं. ही आत निघून गेली. गोतावळा रस्त्यावर जाणार, मी त्यांच्यासोबत निघायची तयारी केली. शाल घेतली. स्वयंपाकघरात डोकावलो तर ही बाळंतिणीसाठी लापशी ढवळत होती. म्हणाली, “भिकनचा नंबर द्या.”

२४ जानेवारी
भिकन दोन घेऊन गेला, त्याच्या गावच्या आणखी तिघांनी एकेक नेलं. राहतने दोन नेली. आठवं फारूखभाईंकडे. हिने कुणाला काहीही म्हणून दाखवायला लावलं नाही. फक्त विचारलं, बांधून ठेवणार का, आणि मोठं झाल्यावर ऑपरेशन कराल का?
आज वसंततिलकेचं ऑपरेशन. कालपासून मी आतल्या खोलीत, बाहेरून कडी. दवाखान्यातून आल्यावर उघडणार. रिक्षा सुरू झाल्याचं ऐकलं, तसं आतून विचारलं, माझी काही मदत?
ही म्हणाली, “आहे ना. झोपा.”
झोपलो.