कमिटी नाही म्हणाली नव्हती

शांती नगर, मीरा रोड
१४ ऑगस्ट २०२५

चि. रुचिता,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने ठीक आहेत. रविवारीच फोनवर तासभर बोललो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच हसवतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

बातमी म्हणजे, मी झुंबाला जाते. सोसायटीच्या हॉलमध्ये, सकाळी सातला. संचिता नावाची मुलगी शिकवते, स्पॅनिश गाण्यांवर. ती उजवा म्हणाली की माझा डावा पाय पुढे. गाणी मात्र ओळखीची, तुझ्या खोलीतून ऐकलेली. परवा मी तिला तुझंच भाषण ऐकवलं. जुन्या गाण्यांत बाई म्हणजे कंबर आणि डोळे, गाणारा पुरुष. जरा ताकदवान असली तर चेटकीण, नाहीतर कुणाचं तरी घर मोडणारी. आता बाई स्वतःच गाते, सोडून गेलेल्याचं नाव घेऊन गाते, आणि रडत नाही. स्पॅनिश मालिकांतही धंदा चालवणारी बाई पूर्वी शेवटी तुरुंगात जायची, आता जेवून झोपते. संचिता बघतच राहिली.

तू हे सांगायचीस तेव्हा मी भाजी निवडत हं-हं करायचे. सगळं ऐकत होते गं.

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या कार्यक्रमाला तू असंच गाणं निवडलंस. तू गेलास, घर माझं आहे, असा त्याचा अर्थ. तो तू स्टेजवरून मराठीत सांगणार होतीस. मला म्हणालीस, "आई, हे मी तुझ्यासाठी नाचणारे." तुझे बाबा घर सोडून गेल्याला चारच महिने झाले होते, आणि मी सगळ्यांना नाशिकला बदली झाल्याचं सांगत होते.

नोटीस बोर्डावरची कार्यक्रमांची यादी दरवर्षी मीच लिहायचे, अक्षर चांगलं म्हणून. तुला सांगितलं, असली गाणी गणपतीपुढे नकोत, कमिटी नाही म्हणाली. तू हॉलमध्ये हरिश्चंद्रकाकांना वाट्टेल ते बोललीस. कमिटीचे अध्यक्ष ते. ते माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे.

कमिटी नाही म्हणाली नव्हती. काकांना तर तुझा नाच सगळ्यात शेवटी हवा होता. तुझं नाव मीच लिहिलं नाही.

त्याच महिन्यात तू बंगलोरला गेलीस. या लोकांत परत पाऊल टाकणार नाही म्हणतेस, आणि मी दरवेळी म्हणते, बरोबर आहे बाळा. तीन वर्षं मी एकटी जेवते आणि बरोबर आहे म्हणते. तुझा स्पीकर पुसते, लावत नाही. तुझी फार आठवण येते.

काल कमिटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाबांचंही. काका एवढंच म्हणाले, "वहिनी, आम्हाला माहीत होतं. पोरीला सांगा."

म्हणजे तुझं भांडण या लोकांशी नाहीच, माझ्याशी आहे. आता रविवारचा फोन आला नाही तर मी समजून घेईन. पण रागवायचं असेल तर घरी येऊन रागव. हवे तितके दिवस राहून रागव.

वाट बघायचा हक्क उरलाय की नाही हे माहीत नसूनही वाट बघणारी,
तुझी आई